कपाटावरचा चष्मा

३ फेब्रुवारी, मंगळवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संधिवात आहे म्हणून बसून राहायचं नाही. मी म्हटलं, बाई, दुखतंय म्हणूनच तर बसतोय! त्या हसल्या. हसणारच, त्यांचे सांधे शाबूत आहेत. गोळ्या चालू ठेवायच्या, चालायचं, आणि रोज भिंतीसमोर उभं राहून बोटं चालवत हात वर न्यायचे.

घरी येऊन हिला सगळं तावातावाने सांगितलं. आई खिडकीपाशी खुर्चीत पेंगत होती. तिचा संधिवात माझ्याहून जुना. आम्ही तिला जागची हलूसुद्धा देत नाही. पाण्याचा पेलाही हातात.

५ फेब्रुवारी
भिंतीवर बोटं चालवली. खांद्याशी गाडी अडली. मागून ही म्हणते, "अहो, पाल पकडताय का?"

व्यायाम बंद.

९ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी चष्मा गायब. माझंच चष्म्याचं दुकान, आणि माझाच चष्मा गायब! सगळं घर पालथं घातलं, तेही चष्म्याशिवाय. सापडला कपाटावर. मी तिथे कशाला ठेवेन? माझा हात तिथवर धड जातच नाही. आई गं, आई गं करत काढला. खुर्चीतून आई म्हणाली, "काय रे?" म्हटलं, तुला नाही, झोप तू.

१० फेब्रुवारी
पुन्हा कपाटावर.

१३ फेब्रुवारी
आता दुकानाच्या किल्ल्या. फडताळाच्या वरच्या फळीवर, बरणीच्या मागे. चपला बाल्कनीच्या पार टोकाला.

हसण्यावारी न्यायचं ठरवलं होतं. पण दुकानात दांडीचा स्क्रू बसवताना हात थांबला. बोटं आखडली तर कोमट पाण्यात बुडवतो. डोकं आखडलं तर कशात बुडवू? उद्या एकाचा नंबर दुसऱ्याच्या नाकावर चढवला, की दुकानाला कुलूपच. कोणाला बोललो नाही. भीती वाटते, खरंच.

१९ फेब्रुवारी
चष्मा उशीखाली ठेवून झोपलो. सकाळी तिथेच होता! जीव भांड्यात पडला. दाढी करायला काढून ठेवला. दाढी होईपर्यंत स्वारी कपाटावर.

२४ फेब्रुवारी
शेवटी हिला सांगून टाकलं. "माझं डोकं कामातून चाललंय गं."

ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. म्हणे, "मला वाटलं तुम्हीच करताय! व्यायाम सोडला म्हणून स्वतःलाच शिक्षा. मी मुद्दाम काही बोलले नाही."

"मी नाही."

"मग मीही नाही."

घरात तिसरं माणूस म्हणजे आई, आणि तिला उठवायलाच आम्ही दोघं लागतो. ती तर चक्क घोरत होती. आम्ही शिकलेली माणसं, तरी ही आज दिवसभर त्या कपाटाकडे पाठ करून बसली नाही.

एक मात्र आहे. चष्मा काढताना हल्ली आई गं होत नाही.

२ मार्च, सोमवार
दुपारीच घरी आलो. ही बाहेर गेलेली. आई स्टुलावर! एका हाताने कपाट धरलेलं, दुसऱ्यात माझा वाचायचा चष्मा.

"ओरडू नकोस, तोल जाईल माझा."

"अगं, पण तू—"

"तू व्यायाम सोडलास. कोणीतरी करायला नको?"

तिला धरायला दोन्ही हात वर केले. सरळ वर गेले! आईने ते नीट बघून घेतलं आणि माझा हात न धरताच उतरली. खुर्चीत बसली. शाल गुडघ्यांवर ओढली. मग हळूच म्हणाली, "तिला सांगू नकोस रे. तुम्ही दोघं मला पुन्हा बसवून ठेवाल."



३ मार्च
स्टूल माळ्यावर टाकलं. आईचा चष्मा बाल्कनीच्या पार टोकाला ठेवलाय.