विकत घेतलेला शेजार

प्रिय टोचणी,

पाकिटावर तुझं कागदोपत्री नाव घातलंय, पण आत तेच लिहायला हात वळेना. आयुष्यभर वॉर्डात इंजेक्शनं दिलीस, घरी येऊन आम्हा शेजाऱ्यांना दिलीस, आणि ज्यांना सुईची गरज नव्हती त्यांना जिभेने टोचलंस. मग टोचणी नाही तर काय म्हणायचं? मीही अजून किल्लीवालीच आहे. घरं विकून देण्याचा, भाड्याने लावून देण्याचा धंदा चालू आहे. गुडघे कुरकुरतात, पण गिऱ्हाईक धापा टाकत जिना चढतं तेव्हा मी आधीच वर पोचून खिडक्या उघडून उभी असते. दमलेल्या माणसाला वारा लागला की घर आवडतं. हे धंद्यातलं गुपित, कुणाला सांगू नकोस.

फोनवर तुला सगळं तुकड्यातुकड्याने कळलंय, पण आज सलग सांगते. तुझ्या मालकाने घर विकलं आणि तू भाच्याकडे गेलीस, तेव्हा ते घर ज्या जोडप्याने घेतलं ती माणसं वाईट नव्हती गं. गोड बोलायची, जिन्यात वाट द्यायची. पण त्यांना राहायचं नव्हतं. दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं, भिंती पांढऱ्याफटक केल्या आणि घर दोन-दोन रात्रींसाठी प्रवाशांना द्यायला लागली. धंदा चांगला चालला, म्हणून आणखी तीन घरं घेतली. मग जिन्यात दिवसभर चाकांच्या बॅगांची खडखड. आज जो माणूस हसून जायचा, त्याच्या जागी उद्या दुसराच हसायचा. तळमजल्याची शिंपीणवहिनी म्हणायची, "घर आहे की बसस्टँड?" आजूबाजूच्या बिल्डिंगांतही तेच लोण पसरलं आणि भाडी अशी चढली की गच्चीखालच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या बसड्रायव्हरला मालकाने काही महिन्यांत घर सोडायला सांगितलं. मी त्याला आणि त्याच्या बायकोला घरं दाखवत हिंडले. प्रत्येक घर आधीच्या घराहून लांब आणि लहान. शेवटी ती बिचारी मलाच म्हणाली, "ताई, तुम्ही दमलात, आज राहू दे." इतक्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाने माझी समजूत घालायची ही पहिलीच वेळ.

त्यातच छपाईकाकांचं झालं. तू फोनवर "काका पडले" एवढंच ऐकलंस. कसे सापडले, ते ऐक. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान गेलेले, त्यामुळे ते साधं "बरं आहे" म्हणाले तरी भांडण चाललंय असं वाटतं, हे तुला माहीतच आहे. त्या सकाळी ते बाथरूममध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं, उठता येईना. बिचारे ओरडत राहिले. भिंतीपलीकडे प्रवासी होते, त्यांना ऐकू गेलं. आणि त्यांनी काय करावं? घरमालकाकडे तक्रार केली, "शेजारचे आजोबा फार आरडाओरडा करतात, सुट्टी खराब झाली." त्या जोडप्याने ती तक्रार जशीच्या तशी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकली. वर हात जोडल्याचं चित्र. मी भाजी चिरत होते. वाचलं आणि सुरी तशीच खाली ठेवली. अगं, काका चिडले तरी एक वाक्य फेकतात आणि गप्प होतात. सुट्टी खराब होईपर्यंत ओरडणारा माणूस तो नव्हे. त्यांची किल्ली माझ्याकडे होतीच. दार उघडलं तर आवाज बसलेला, ओठ निळे. मला बघून म्हणतात कसे, "किती हाका मारायच्या माणसाने?"

ते प्रवासी दुष्ट नव्हते, टोचणी. त्यांना काकांचा आवाज ओळखीचा नव्हता, एवढंच. मला राग आला तो याचाच, की राग कुणावर काढावा तेच कळेना.

ऑपरेशन झालं. काकांची मुलगी विमानाने आली. हुशार पोरगी, डोळ्यांखाली काळं आलेलं. आल्या आल्या मला म्हणाली, "मावशी, घर विकून टाका. ते जोडपं म्हणेल ती किंमत देतंय. बाबांना मी घेऊन जाते." खरं सांगते, सौदा झाला असता तर माझंही भलं होतं. पण काकांचं घर गेलं की निम्मी बिल्डिंग त्या जोडप्याची, आणि मग सोसायटीत आपलं कोण ऐकणार? तरी मी तिला तसं काही बोलले नाही. बाप तिचा, काळजी तिची. एवढंच म्हणाले, "देते विकून. पण काका घरी येतायत, तर थोडे दिवस इथे राहा आणि मग सांग."

राहिली. शिंपीणवहिनी शिलाई मशीनच काकांच्या खोलीत घेऊन आली, कारण पोरगी औषधं आणायला गेली की कुणीतरी बसायला हवं. बसड्रायव्हर ड्युटीवरून येऊन काकांना धरून चालवायचा आणि काका त्याच्यावर खेकसायचे, "ब्रेक हळू दाब!" पोरगी दारात उभी राहून बघायची. एका संध्याकाळी ती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला. तिकडे किती शांतता आहे." काका म्हणाले, "शांतता मला इथेही आहे. बहिऱ्याने ती विकत कशाला घ्यायची?" ती हसली, हसता हसता रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "मावशी, नाही विकत. पण मी लांबून काय करू, ते तुम्ही सांगा."

मी सांगितलं, "आधी सोसायटीच्या मीटिंगला ये."

त्या मीटिंगला तू हवी होतीस. वर्षापेक्षा कमी मुदतीने कुणी घर भाड्याने द्यायचं नाही, असा नियम मी मांडला. जोडप्यातला नवरा शांतपणे म्हणाला, "बाजार आहे, मावशी. तुम्हीही त्याच बाजारात आहात." बरोबर बोलला. मी म्हटलं, "आहे ना, म्हणून तर सांगते. मी घर दाखवते तेव्हा गिऱ्हाईक सगळ्यात आधी शेजारी कोण आहे ते विचारतं. तुमच्या घरांना काय उत्तर देऊ?" काकांना खुर्चीसकट खाली आणलं होतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी हातही वर केला आणि "मान्य!" अशी आरोळीही ठोकली. नियम झाला. त्या जोडप्याने मनात धरलं नाही. दोन रात्रींचा धंदा बंद झाल्यावर एक घर त्यांनी बसड्रायव्हरला वर्षाच्या कराराने दिलं, बाकीची विकायला माझ्याकडेच आणली. धंद्यात माणूस एकदा हरला की चांगला एजंट शोधतो.

त्यांतलं एक घर मी कुणाला दाखवलंच नाही. मुलाला फोन करून सांगितलं, मी तुझ्या शहरात घर घेऊन राहायला येत नाही आणि त्यासाठी साठवलेलं सगळं इथेच घालतेय. तो म्हणाला, "आई, या वयात गुंतवणूक?" मी म्हटलं, "गुंतवणूक नाही रे. शेजार विकत घेतेय." तो म्हणाला, "मग रंगाचे पैसे मी देतो."

तर आता मुद्द्याचं. माझ्या स्वयंपाकघराला लागून असलेलं तुझं घर आता माझं आहे आणि मला भाडेकरू हवी आहे. फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू हळू बोलतेस. तू, आणि हळू! मागे कोणीतरी उभं असतं आणि तू "मजेत आहे" म्हणून फोन ठेवतेस. ज्या खोलीत तू झोपतेस तिथेच भाच्याच्या घरच्यांचं कपाट आहे, आणि ते उघडायला कुणी आलं की तू उठून बाहेर जाऊन बसतेस, हे तू बोलता बोलता सांगून गेलीस. मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. फुकट राहा म्हटलं तर तू यायची नाहीस, म्हणून भाडं घेणार, पूर्वी द्यायचीस तेवढंच. काकांना रोज एक इंजेक्शन आहे, त्याचे पैसे त्यांची मुलगी तुला देईल, तिच्याशी ठरवून टाकलंय. रविवारी बसड्रायव्हरला सुट्टी आहे. त्याने मित्राचा टेम्पो मागून ठेवलाय, आम्ही दोघं सकाळी पोचतो. यायचं नसेल तर चहा पाजून परत पाठव, रुसणार नाही. पण ते तोंडावर सांग, आणि मोठ्याने सांग.

तुझीच, आणि यापुढे तुझी घरमालकीणही,
किल्लीवाली