बाहेरगावचे दोन उमेदवार

वेस्ट हॅरोफील्ड, न्यू हॅम्पशायर
फेब्रुवारी, बर्फ खिडकीला टेकलेला

उमेदवाराला डोनट खाऊ घालून उत्तराविना घरी परतलेल्या तमाम नागरिकांना, आणि त्यांच्यात वयाने व मानाने पहिल्या असलेल्या माझ्या लविनियाताईला, धाकट्या एझ्राचा टोपी काढून नमस्कार. (टोपी लगेच परत घातली आहे. स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे, तरी बोटं वाकत नाहीत.) तुझा गुडघा फ्लोरिडाच्या उन्हात सुधारला असेल. आल्टनभाऊजींचं नाक अजून सोलतंय का? त्यांना म्हणावं, ऐन थंडीत गाव सोडून पळणाऱ्यांच्या नाकावर देव खूण करून ठेवतो. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या छपरावरचा बर्फ मी दोनदा ओढून काढला; तिसऱ्यांदा तो आपण होऊन माझ्या अंगावर आला. मार्चमध्ये गावाचा सभापती निवडायचा आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध कोणीतरी उभं आहे, पण त्याविषयी मला या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही. सभापतीचा तो लाकडी हातोडा आधी आपल्या वडिलांच्या हातात होता, मग माझ्या हातात आला, आणि तो गेला तर शनिवारी सकाळी कचरा टाकायला मी गावच्या उकिरड्यावर कोणत्या तोंडाने जाऊ, हा प्रश्न अगदी क्षुल्लक आहे. तेव्हा मूळ विषयाकडे वळतो.

तुला आठवत असेल (न आठवायला काय झालं, दर ख्रिसमसला तूच सांगतेस), चार वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षपदाचा एक उमेदवार आपल्या टाउन हॉलमध्ये आला होता. तू उभी राहिलीस आणि विचारलंस, "तुम्ही शेवटचं कधी चुकलात, आणि चुकलो हे कळल्यावर काय केलंत?" इतका साधा प्रश्न! कोणताही प्रामाणिक माणूस हातातला कॉफीचा कप खाली ठेवायच्या आत उत्तर देईल. त्या गृहस्थाने तू तळून आणलेला मेपलचा डोनट उचलला, चावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई, हा डोनट म्हणजेच अमेरिका!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू उभीच होतीस. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की पुढच्या खेपेला या गावात एकेकटा उमेदवार येणार नाही. एकटा आला की तो डोनट खातो. दोघांना समोरासमोर बसवलं, तर एकाने डोनटला हात घातल्यावर दुसरा निदान म्हणेल, "आधी उत्तर द्या की!"

यावर गावात एकमत नव्हतं. उकिरड्याचा कारभारी वेंडेल क्रोकर बाटल्यांच्या पिंपाला टेकून मला म्हणाला, "कशाला हवाय तुला वादविवाद, एझ्रा? दोघंही खोटंच बोलणार. एका दिवशी ऐकलं काय नि दोन दिवशी ऐकलं काय. दोघांनी आपापल्या घरी बसावं, तेवढंच पेट्रोल वाचेल." मी तिथेच, फुटक्या काचांच्या साक्षीने, त्याला अथेन्सपासून समजावून सांगायला घेतलं. म्हटलं, तिथला थोर वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात गोटे धरून भाषणाचा सराव करायचा. आपले उमेदवार ते गोटे काढायलाच विसरले आहेत. टीव्हीवरचा वादविवाद म्हणजे दिवे, पावडर, आणि कॅमेऱ्यात बघून देशाशी बोलणं. तिथे देश उलट बोलत नाही. आपल्या हॉलमध्ये समोरच्या बाकावरची बाई उलट बोलते, आणि तिच्या घरासमोरचा रस्ता उमेदवारांच्याच प्रचाराच्या गाड्यांनी खचवलेला असतो. ज्याला त्या बाईला तोंड देता येत नाही, तो परराष्ट्रांना काय तोंड देणार? खुर्ची मागणाऱ्याने लोकांसमोर, प्रतिस्पर्ध्याच्या देखत, उभं राहून उत्तर दिलंच पाहिजे. जो टाळेल त्याने खुर्ची विसरावी! हे शेवटचं वाक्य इतकं जोरदार झालं की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून दाद दिली. (वेंडेलचं म्हणणं, मी वाट अडवली होती म्हणून.) रद्दीचा गठ्ठा घेऊन तुझी बालमैत्रीण ऑर्फा टेनी मागेच उभी होती. ती म्हणाली, "छान वाक्य आहे, एझ्रा. लक्षात ठेवते हं." मला तेव्हा फार बरं वाटलं.

यंदा एकाच पक्षाच्या तिकिटावरून सेनेटर रॉय स्टॅनफिल आणि गव्हर्नर लोरेटा ओडेगार्ड यांच्यात जुंपली आहे, हे तुला माहीत असेलच. मी गव्हर्नरबाईंच्या माणसांना कळवलं की सेनेटर येत आहेत, आणि सेनेटरांच्या माणसांना कळवलं की गव्हर्नरबाई येत आहेत. (हे खोटं नव्हतं. खरं व्हायच्या थोडं आधी सांगितलं, इतकंच.) मग कानात वायर घातलेला एक माणूस हॉल बघायला आला. त्याला भिंतीवरचं मूस हरणाचं पेंढा भरलेलं डोकं काढून हवं होतं. कॅमेऱ्यात ते उदास दिसतं म्हणे. मी म्हटलं, "या हॉलमध्ये सगळ्यात जास्त भाषणं त्यानेच ऐकली आहेत. उदास दिसणारच." त्याला प्रश्नही आधी हवे होते. मी म्हटलं, "प्रश्न आधी कळले तर उत्तरंही आधीच होतील. मग तुम्ही एवढ्या बर्फातून यायचं कशाला?" तो वायरीत काहीतरी पुटपुटला आणि गेला.

शनिवारी दुपारी हॉल असा भरला की लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. तळघरात चर्चच्या बायकांनी बीन्स शिजत ठेवल्या होत्या, वर लाकडाची शेगडी तापली होती, मूसखालच्या दोन घडीच्या खुर्च्यांवर दोन्ही उमेदवार, आणि समोर कॅमेरे. मी व्यासपीठावर गेलो, वडिलांचा हातोडा उचलला, आणि सवयीने, ताई, निव्वळ सवयीने, दर मार्चमध्ये म्हणतो तेच म्हणून गेलो : "वेस्ट हॅरोफील्डची ग्रामसभा सुरू झाली असं मी जाहीर करतो." ठक्!

ऑर्फा उभी राहिली. "सभापती महाशय, नियमाचा मुद्दा. आपण आत्ता ग्रामसभा सुरू केलीत. ग्रामसभेत बाहेरगावच्या माणसाला सभेच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. बंबगाडी विकायला आला होता त्यालासुद्धा आपण मतं घेऊनच बोलू दिलं. हे दोघं राहतात कुठे?"

आता विचारणं भागच होतं. गव्हर्नरबाई गोड हसून म्हणाल्या की त्या प्रत्येक अमेरिकन माणसाच्या मनात राहतात. "म्हणजे आपल्या गावात नाही," ऑर्फा म्हणाली. सेनेटर म्हणाले, त्यांची आजी एकदा या गावावरून गेली होती. "थांबली होती?" "नाही." "मग मिटलं." (ती सभा तिथेच बरखास्त करून पुन्हा नुसता वादविवाद म्हणून सुरू करता आली असती, हे नंतर सगळ्यांना सुचलं. तुलाही आत्ता सुचलं असेल. पण हातोडा एकदा पडला की पडला, हे वडिलांनी आपल्याला जेवणाच्या टेबलावर शिकवलं आहे.)

तेव्हा ठराव आला : अध्यक्षपदाच्या दोन्ही उमेदवारांना आपल्या हॉलमध्ये वादविवाद करू द्यावा की नाही? आणि ताई, काय चर्चा झाली! सबंध देशात या प्रश्नाचा असा कीस कोणी काढला नसेल, आणि तोही खुद्द उमेदवारांच्या देखत. वेंडेल उठला आणि चक्क माझ्या बाजूने बोलला : "लाकूड जळतंय ते जळतंयच. बोलू द्या बिचाऱ्यांना." शाळेची बस चालवणारी ग्लेनिस म्हणाली, "बिचारे? अहो, गेल्या उन्हाळ्यापासून हे बोलतायत. टीव्हीवर बोलतात, फोनवर बोलतात, दाराशी येऊन बोलतात. जाहिरात लागली की माझं कुत्रंसुद्धा उठून बाहेर जातं. एक दुपार आपण बोलू, ते ऐकतील!" हॉल दणाणला. मग दुरुस्त्या आल्या. एक, त्यांनी बोलावं, पण 'हो' आणि 'नाही' एवढंच. दुसरी, त्यांनी बोलावं, पण बीन्सनंतर. मध्येच सेनेटर उठले, "मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की—" ठक्! "बाहेरगावच्या गृहस्थांनी खाली बसावं." आणि ते बसले! खुद्द सेनेटला ज्याला गप्प करता आलं नाही, तो माणूस आपल्या वडिलांच्या हातोड्यापुढे बसला. गव्हर्नरबाई अधिक हुशार निघाल्या. शेगडी विझत आली तशा त्या उठल्या, दार उघडलं, लाकूड आत सरकवलं, दार लावलं आणि परत येऊन बसल्या. अवाक्षर नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "लाकूड साल वर ठेवून घातलं. शेगडी कशी घालायची माहितीये तिला."

मतं घेतली. मतांची कार्डं वर झाली, मोजली, पुन्हा मोजली. समसमान! निर्णायक मत सभापतीचं. माझं मत कुठे जाणार हे मूसलाही ठाऊक होतं. चार वर्षं मी याच दुपारसाठी झटलो होतो. 'हो' एवढा एक शब्द. पण एवढ्या मोठ्या क्षणी असा उघडाबोडका शब्द बाहेर सोडायचा? मी म्हटलं, मत देण्यापूर्वी दोन शब्दांत कारण सांगतो. अथेन्सहून निघालो. रोमला पोचलो तेव्हा सेनेटरांनी डोळे मिटले; ते विचारात गढले असावेत. इंग्लंडात क्रॉमवेलच्या सुमारास कॅमेरावाल्यांनी दिवे आवरायला घेतले. तळघरातलं बीन्सचं पातेलं दोनदा तापवावं लागलं म्हणे. अखेर मी तुझ्या प्रश्नापाशी आलो, तुझ्या डोनटापाशी आलो, हातोडा उंच धरला आणि म्हणालो, "म्हणून, नागरिकहो, माझं मत—" समोर बघतो तर दोन्ही घडीच्या खुर्च्या रिकाम्या! कानात वायर घातलेला माणूस आपली वायर गुंडाळत होता. म्हणाला, पुढच्या गावातल्या प्रचारसभेत पॅनकेक निवत होते.

पेपरवाल्यांनी थट्टा केली, करू देत. मी विचारतो, या देशात दुसऱ्या कोणत्या हॉलमध्ये अध्यक्षपदाचे दोन उमेदवार अख्खी दुपार तोंड मिटून जनतेचं ऐकत बसले? हा वादविवादाचा पराभव नसून कळस आहे. (नंतरच्या मतदानात आपल्या गावात ओडेगार्डबाई जिंकल्या. त्या एका लाकडावर.) सोमवारी सकाळी ऑर्फाने सभापतिपदासाठी नाव दिलं. मला म्हणाली, "एझ्रा, माणूस तू चांगला आहेस. पण तुझ्या भाषणात हातोडा मारायला दुसरा कोणीतरी सभापती हवा." याविषयी मला काही लिहायचं नाही, हे मी वर सांगितलंच आहे.

भाऊजींना नमस्कार. नाकाला लोणी लावावं.

तुझा,
एझ्रा पिंकहॅम
सभापती (निदान मार्चपर्यंत)

ता. क. : पाकीट बंद करताना एक बारीकशी गोष्ट आठवली. ऑर्फाची मागणी आहे की येत्या शनिवारी तिने आणि मी टाउन हॉलमध्ये समोरासमोर वादविवाद करावा. उकिरड्याच्या फाटकावर तिने तशी पाटी लावली आहे, आणि पाटीवर माझ्या नावासकट माझंच वाक्य आहे. ते खुर्ची विसरण्याचं. वादविवादाच्या तत्त्वासाठी मी प्राण देईन हे तू जाणतेस. पण अध्यक्षपद वेगळं आणि सभापतिपद वेगळं. अध्यक्षाच्या हातात नुसती अण्वस्त्रं असतात. सभापतीच्या हातात हातोडा असतो. असली पदं वादविवादाच्या चिखलात ओढू नयेत. शिवाय वेंडेल म्हणतो त्यात तथ्य आहे. पेट्रोल फार जातं.

ता. क. २ : ते सगळं मी सोसलं असतं. पण काल ऑर्फा ताटली घेऊन घरी आली. मेपलचे डोनट, तुझ्याच पद्धतीचे. बसली आणि सहज म्हणाली, शनिवारचा पहिला प्रश्न फ्लोरिडाहून आला आहे. ताई, तो प्रश्न! शब्दशः तोच! तो तू माझ्यासाठी पाठवावास? "आत्ताच उत्तर दिलंस तरी चालेल," ऑर्फा म्हणाली, "इथे कोणी कॅमेरे नाहीत." मी ताटलीतला डोनट उचलला, चावला, डोळे मिटले. पुढे मी काय बोललो ते तुला सांगायची गरज नाही. ऑर्फाने टाळ्या वाजवल्या नाहीत.

ता. क. ३ : तेव्हापासून उत्तराची तयारी करतो आहे. ते दर वेळी अथेन्सहून निघतं आणि आपल्या गावापर्यंत येत नाही. मीच तुला फोन केला असता, पण फोनवर तू उलट बोलतेस. म्हणून, ताई, हे पत्र मिळताच खाली ठेव, फोन उचल, आणि शनिवारच्या आत ऑर्फाला सांग की तू तो प्रश्न मागे घेतलास.