शाई भरण्याआधीचा नकाशा

शिरूर,
१९ डिसेंबर १९९९

तीर्थरूप आप्पांना
सून सविताचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. यांची सध्या रात्रपाळी आहे. सकाळी कारेगावहून येतात, चहा घेऊन झोपतात. तुमच्या छातीचं दुखणं कसं आहे ते तुम्ही फोनवर कधी सांगत नाही. गोळ्या संपल्या असतील तर कुणाबरोबर निरोप द्या, पाठवते.

आपल्या राहू गावचा नकाशा काढण्याचा कार्यक्रम चांगला झाला, असं आमच्या इतिहास मंडळात सगळे म्हणतात. अध्यक्षांनी तुमचे आभार कळवायला सांगितले आहेत. देवळासमोरची फरशी तुम्ही आदल्या दिवशी धुऊन घेतलीत, म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन बोलावलंत, म्हणून ते जमलं. याआधी एका गावात नकाशा काढायला चौघे आले होते आणि जेवायला सगळं गाव.

फरशीवर खडूनं काढलेला नकाशा मी त्याच दिवशी कागदावर पेन्सिलीनं उतरवून घेतला. शाई भरण्याआधी थोडं थांबायची मंडळाची पद्धत आहे. माणसं चारचौघांत संकोचतात, घरी गेल्यावर त्यांना आठवतं. राहिलेलं, चुकलेलं पत्रानं कळवावं, असं आम्ही सांगून येतो. शाई भरली की मग काही बदलत नाही. राहूहून अजून कुणाचं पत्र नाही. म्हणून मीच विचारते आहे.

पहिलं विहिरीचं. पिंपळाखालची विहीर तुमच्या वडिलांनी काढली, असं तुम्ही सांगितलंत. त्यावर मल्हारीमामा म्हणाले, "इहीर तुमच्या बापानं काढली, पर पाणी आमच्या बापाच्या नशिबानं लागलं." सगळे हसले आणि नाव लिहायचं राहून गेलं. कुणाचं लिहू?

दुसरं नदीकडच्या वाटेचं. तिला कुणी जुनी वाट म्हणालं, कुणी मधली वाट. कुणीच ठामपणे बोललं नाही. तुमच्या लहानपणी काय म्हणत?

तिसरं हौशाचं. थोरल्या वावराच्या कोपऱ्यात, चिंचेखाली, तुम्ही काठी टेकवलीत आणि म्हणालात, "हितं हौशा हाय." मी खडू घेऊन गुडघ्यांवर बसले होते. मंडळाच्या पाहुण्यांना वाटलं, हौशा म्हणजे कुणी पूर्वज. बन्सीआबांनी त्यांना सांगितलं की तो बैल. वर म्हणाले, "बैल गेला तवा आप्पा जेवलं न्हाईत. बाप गेला तवा तेराव्याला बुंदी दोनदा मागून खाल्ली." तुम्हीही हसलात. मग सांगितलंत की खड्डा घ्यायला सगळी आळी आली होती, वरून मीठ टाकलं, आणि पोळ्याला अजून तिथं नैवेद्य जातो. मी 'हौशाची जागा' असं लिहिलं. ते तसंच ठेवू ना?

त्यानंतर तुमची काठी बांधाबांधानं नदीकडे गेली. मी खडू घेऊन मागोमाग सरकत होते. एका ठिकाणी काठी थांबली. मी खडू टेकवला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. म्हणालात, "हितं काय न्हाई. फुडं चल."

मी पुढे गेले. फरशीवर ठिपका राहिला. कागदावर उतरवताना मी तो घेतला नाही.

चौथं विचारायचं आहे ते त्याबद्दल. पण आधी इनामगावचं सांगते.

दिवाळीनंतर मंडळानं बायकांची सहल इनामगावला नेली. घोड नदीच्या काठी ते पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड. पाहण्यासारखं आता तिथं फारसं काही नाही, खणलेलं सगळं केव्हाच बुजवलं आहे. माहिती द्यायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, तीन हजार वर्षांपूर्वी इथं लोकांची घरं होती. लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवायचे, मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, आणि घरातच जमिनीखाली पुरायचे. वर त्याच जमिनीवर चूल, तिथंच झोपणं.

आमच्या शेजारच्या सिंधूबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी आईला ठावं व्हतं तर."

बाई हो म्हणाल्या आणि पुढे धान्याबद्दल सांगू लागल्या. मी ते ऐकलं नाही. मंडळाच्या अहवालात सहल माहितीपूर्ण झाली, असं मीच लिहिलं आहे.

आप्पा, दौंडच्या दवाखान्यात ती एकदा रडली, ते मी ऐकलं. मग मला काही कळलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा सगळं झालं होतं. हे माझ्यासाठी रक्त आणायला पुण्याला गेले होते, तेही नंतर पोचले. तिला घेऊन तुम्ही आणि अयुबमामा गेला होतात. सासूबाई माझ्या उशाशी होत्या. मी विचारलं, कुठं. त्या म्हणाल्या, "आपल्यात आईला जागा सांगत न्हाईत. सांगितली की वटी फिरून भरत न्हाई." मी मानलं. मी घरात नवीन होते.

ओटी पुन्हा भरली नाही. हे दोष म्हणून लिहीत नाही. रीत पाळूनही भरली नाही, एवढंच.

तिचं बारसं झालं नव्हतं. म्हणून या पत्रातही मला 'ती' असंच लिहावं लागतं आहे.

अयुबमामांना मी एकदा विचारलं होतं. ते तुमच्या गोठ्यात वैरण टाकत होते. काम थांबवून म्हणाले, "सूनबाई, मला नका इचारू. म्या आप्पांना जबान दिलीया." त्यांनी ती शेवटपर्यंत पाळली. गेल्या वर्षी रमजानच्या आधी ते गेले. कार्यक्रमाच्या दिवशी नकाशावर त्यांच्या रशिदानं कबरस्तान दाखवलं, आणि आपल्या अब्बांची कबर, उशाला बोर. मी ते लिहून घेतलं. लिहून झाल्यावर मी पदर खांद्यांभोवती घट्ट ओढून घेतला. रशिदानं विचारलं, "भाभी, थंडी वाजती का?" मी हो म्हटलं.

आता ती जागा एकट्या तुम्हाला माहीत आहे. रागावू नका, पण तुमच्यानंतर ती कुणालाच माहीत नसेल. मंडळातर्फे आम्ही गावोगाव हेच सांगत फिरतो, की म्हातारं माणूस गेलं की गावाचा एक तुकडा त्याच्याबरोबर जातो. मी उभी राहून हे सांगते आणि खाली बसते.

मला नकाशावर काही लिहायचं नाही. ते गावाचं नाही. मी तिथं दगड ठेवणार नाही, दिवा लावणार नाही. लग्न झाल्यापासून मी त्या बांधांवरून चालते आहे. कुठं पाय देऊ नये, एवढं मला कळावं.

तुमचा फोन बैठकीत आहे आणि बैठकीत कायम कुणीतरी असतं, म्हणून लिहिलं. हे पत्र यांनी वाचलेलं नाही. ते याबद्दल बोलत नाहीत. मीही बोलत नाही. आमचं बरं चाललं आहे.

आजवर पत्राखाली 'आपली आज्ञाधारक' लिहीत आले. आज ते लिहिणं खरं होणार नाही.

सविता


राहू,
२ जानेवारी २०००

चि. सौ. सविता हिला आप्पाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून खिशात ठिवलं, आन् पुना वाचलं. मला लिवायची सवय न्हाई, पर हे दुसऱ्याच्या हातनं लिवून घेण्यासारखं न्हाई. चुकलं माकलं संभाळून घे.

इहिरीला माझ्या बापाचं नाव घाल. मल्हारीला वाईट वाटंल, वाटू दे. नदीच्या वाटंला आमी मसणवाट म्हनायचो. आता तिथं लोकांनी घरं बांधली, म्हनून त्या दिशी कुणी बोललं न्हाई. तू तसंच लिव. हौशाचं ऱ्हाऊ दे.

आता चवथं.

सासूनं तुला वटीचं सांगितलं. तिला तिच्या सासूनं तेच सांगितलं व्हतं. सत्यजीतच्या आधी आमाला एक पोरगा झाला व्हता. तुला ठावं नसंल, सत्यजीतलाबी न्हाई. म्हाळसानं, म्हंजी तुझ्या सासूनं, मला त्याची जागा दोन बारीला इचारली. एकदा तवाच. आन् एकदा ती दुखण्यात पडली तवा, जायच्या आदूगर. म्या दोन्ही बारीला म्हनलं, आपल्यात रीत न्हाई. ती म्हनली, बरं.

मला भ्या व्हतं. मी ल्हान असताना माझा धाकला भाऊ गेला. आईला जागा ठावं व्हती. ती जाऊन बसायची. घरात चूल पेटायची न्हाई. सांजच्याला बाप तिला धरून आनायचा. दुसऱ्या दिशी ती पुना जायची. ते बघितलेलं माझ्या डोस्क्यात बसलं. मला वाटलं, जागा सांगितली न्हाई तर बाई बसायची न्हाई.

म्हाळसा कुठं बसली न्हाई. पर नदीकडल्या वावरात खुरपायला गेली की बांधावरनं लई हळू चालायची. बाकीच्या बाया फुडं जायाच्या, ही मागं. म्या तिला त्यावरनं बोललोबी हाय. ती कशापायी हळू चालती ते मला तुझं पत्र वाचून कळलं.

तुझी पोर म्या अलग ठिवली न्हाई. अयुब म्हनला, आप्पा, येवढीशी हाय, एकली ऱ्हाईल. म्हनून माझ्या पोराच्या शेजारी ठिवली. अयुबनं त्याच्या खांद्यावरचा पंचा तिच्याखाली हातरला. दोघं जवळजवळ हायती.

सत्यजीतला सांग. न सांगता ऱ्हायचं आता बास झालं. दोघं या. बाजारचा दिवस धरून या, म्हंजी घरात कुणी नसतंय. म्या फुडं चालतो. वाटंत मला काय इचारू नगं, दम लागतो.

तिथं पोचल्यावर म्या बाजूला हुभा ऱ्हातो. तू बस. सांजपातुर बसलीस तरी तुला उठवाया कुणी येनार न्हाई.

तुझ्या पोरीचा आजा