वाचून केलेली सही

३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून तू मला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असशील. त्या पावल्या. माझे वर्ग आता बरे चाललेत. इस्त्रीवाल्याच्या वरची खोली भाड्याने घेतली, फळा लावला, रविवारी सकाळी अकरा मुली येतात. पगारातून आधी बाजूला किती काढायचं, विमा कशासाठी, फंडात घातलेले पैसे किती वर्षं विसरायचे, हे शिकवते. फी घेते. फुकटचं कुणी ऐकत नाही.

पहिल्या दिवशी मी नेहमी तुझी गोष्ट सांगते. ताईने माझ्या शिक्षणासाठी चौथीत शाळा सोडली. तिला तेव्हा धड वाचता येत नव्हतं. नवऱ्याने बोट ठेवलं तिथे सही करून ती दिराच्या कर्जाला जामीन राहिली, आणि राहतं घर गेलं. मग मी फळ्यावर लिहिते, वाचल्याशिवाय सही नाही.

या मुलींतली एक नर्स आहे. सहा वर्षं जादा पाळ्या करून तिने स्वतःच्या नावावर एक खोली घेतली. आता भाऊ टेंपो घेणार, आणि त्या कर्जाला तिने खोली तारण ठेवायची असं घरात परस्पर ठरलंय. कागद महिनाअखेरीला आहेत. तू एकदा ये आणि तिच्याशी बोल. सहीने माझं काही गेलेलं नाही, हे तिला दिसतं.

लोभ असावा, आणि रागावलीस तर तेही कळवावं.

तुझी,
धाकटी

११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. कारखान्यात छापील कागदांच्या फर्म्यांना घड्या घालता घालता चार दिवस विचार केला. बायंडिंगच्या कामाचं हे बरं असतं, हात चालू राहतात.

तुझी गोष्ट खोटी आहे. तू खोटं बोललीस असं नाही, मीच तुला तशी समजू दिली.

तुझे भावोजी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा, असं ते काम. छापखाना दुसरा माणूस देत नव्हता, म्हणून ते कागद घरी आणायचे आणि वाचायची मी. आधी अडखळत, मग सरळ. अठरा वर्षं वाचलं. स्वल्पविरामसुद्धा बोलून दाखवायचा असतो.

जामिनाचा कागद आला तेव्हाही सवयीने तसाच वाचला. सातवं कलम आलं. कर्जदाराने थकवलं तर घर बँकेचं. मी तिथे थांबले. ते मान खाली घालून बसले होते. बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि दीर चहा घेत होते. मी पुढचं वाचलं आणि सही केली.

नाही म्हटलं असतं तर घर राहिलं असतं. पण त्या घरात बसायचं कुणाबरोबर?

बँकेची नोटीस आली आणि दोन महिन्यांत तुझे भावोजी गेले. लोक म्हणू लागले, बिचारी अडाणी, फसली. मी म्हणू दिलं. अडाणी म्हणवून घेतलं की त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. कागदात काय आहे ते त्यांनाही ठाऊक होतं, हे मला कुणाला सांगायचं नव्हतं. आज तुला सांगितलं.

त्या मुलीला वाचता येतं ना? मग तिला वाचायला शिकवू नकोस. नाही म्हटल्यावर राहायला जागा लागते. तिच्या खोलीत तर घरचेच येऊन बसतील. माझ्याकडे एक खाट जास्त आहे. पाठव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, मग भावोजींचा, मग माझा. चार वर्षं मी तुला फळ्यासमोर अडाणी म्हणून उभी केली आणि त्यावर फी घेतली.

नर्स रविवारी येईल. आठ दिवसांची रजा मिळाली आहे. घरी सांगून निघते आहे, लपून नाही. आता मुलींना काय शिकवू ते तूच सांग.

पायांवर डोकं ठेवून,
धाकटी

२९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुला कळलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक.

पोरगी गुणाची. आल्या आल्या माझ्या गोळ्यांची पुडी तपासून मला झापलं. कागदाची नक्कल तिने बरोबर आणली होती. मी माझी हकीकत सांगितल्यावर तिने ती मला वाचून दाखवली आणि नेमक्या जागी थांबली. हसून म्हणाली, मावशी, हेच ना तुमचं सातवं? इथे नववं आहे.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला. दारात उभं राहून मी त्याला ऐकवलं की मोठा झालास तर स्वतःच्या जिवावर टेंपो घे. तो बडबडत गेला. मला वाटलं, आपण जिंकलो.

पाचव्या दिवशी तिची आई आली. ती वर आलीच नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर गुडघा धरून बसली. ओरडली नाही, रडली नाही. शेजारी अंग चोरून जात होते. मी वर बोलावलं तर म्हणाली, इथेच बरी आहे. पोरीने आधी पाणी नेऊन दिलं. तासाभराने उशी नेली. तिसऱ्यांदा बॅग घेऊन निघाली.

मी आडवी आले नाही. भावाशी भांडता आलं. पायरीवर बसलेल्या आईशी कसं भांडायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. मुलींना काय शिकवू म्हणून विचारलंस ना, त्यांना खरं काय झालं तेवढं सांग.

दारात ती वळली. विचारलं, मावशी, सही केल्याचा कधी पस्तावा झाला?

मी म्हटलं, रोज होतो.

मला वाटलंच, म्हणाली, आणि आईला हाताला धरून उठवलं. सोमवारी सही झाली.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी ताई