चाळीस खुर्च्या आणि तीन भाव

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (घरभर खुर्च्या आहेत, आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा उभ्याउभ्याच घातला असं समजा.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, खरं काय ते पुढे कळेलच. ऑपरेशननंतर तुम्हाला बारीक अक्षरही लख्ख दिसतं असं मामी म्हणाली, म्हणून एवढं लांबलचक लिहायचं धाडस करते.

दोन वर्षांपूर्वी मशिनीत ह्यांचा अंगठा गेला हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून आमच्या कारखान्यात (म्हणजे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये) बिजागऱ्या बसवणं आणि हलणाऱ्या टेबलांना ठोकणं एवढंच चाललं होतं. अशात तुमच्याकडच्या वाचनालयाने चाळीस खुर्च्या सांगितल्या आणि ह्यांनी त्या चार महिन्यांत नऊ बोटांनी केल्या. शुक्रवारी सकाळपर्यंत पोचल्या नाहीत तर वाचनालयवाले प्लास्टिकच्या घेणार आहेत, आणि तसं झालं तर हे शेडला कुलूप लावणार आहेत. बोलण्यात राग असता तर मी घाबरले नसते, पण अगदी शांतपणे म्हणाले. आता लाकडाचं मी बघितलं, कागदाचं तू बघ, असं म्हणून पाठवण्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. मामा, लाकूड बरं हो. ठेवलं तिथे राहतं तरी.

कुठलीही गोष्ट तीन ठिकाणी विचारावी ही तुमची शिकवण, म्हणून तीन माल-वाहतूकवाल्यांकडून भाव मागवले. पहिल्याचं नाव मी ‘सगळंधरून’ ठेवलं आहे. आकडा इतका कमी की मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. सहज विचारलं, आमच्याकडून उचलणार ना? नाही, ते तुम्ही आणून द्यायचं. दारात पोचवणार ना? गोदामापर्यंत, पुढचं तुमचं तुम्ही. मोडतोड झाली तर? तर वाईट वाटेल, म्हणाला. म्हणजे सगळं धरून काय धरलंय, तर मधला रस्ता! दुसरा ‘वेगळंपडेल’. त्याने अकरा ओळींचा कागद दिला. चढवायचं वेगळं, उतरवायचं वेगळं, ट्रक अर्ध्या तासाच्या वर उभा राहिला तर ते वेगळं. (मी नुसतं बरं म्हटलं तर त्याचंही वेगळं पडेल की काय, अशी भीती वाटून गप्प बसले.) तिसरा ‘बघूया’. तो आकडाच सांगत नाही. माल बघूया, गाडी बघूया, मग बोलूया. आमच्या सासूबाईंना तो फार आवडला, कारण त्याने त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मग वजनाचा घोळ. आमची खुर्ची साडेसहा किलोची. ‘वेगळंपडेल’च्या कागदावर ती बावीस किलोची! मी तरातरा जाब विचारायला गेले, तर त्याने समजावलं की खुर्ची हलकी असली तरी जागा खाते, आणि वजन किंवा जागा यांपैकी जे जास्त त्याचं भाडं लागतं. म्हणजे चार पायांच्या मधल्या हवेचं भाडं आपण भरायचं. हे घरी सांगितलं तर ह्यांना वाटलं कुणी त्यांच्या कामाला पोकळ म्हणालं. दिवसभर एकेक खुर्ची ठोकून बघत होते.

चार दिवस मी तिन्ही भाव पुढ्यात घेऊन बसले आणि रोज वेगळा निर्णय घेतला. पाचव्या दिवशी उजेड पडला. तिघांना मापं गेली होती तीच तीन तऱ्हेची. पहिल्याला ह्यांनी उंची दिली ती बसायच्या फळीपर्यंतची, कारण सुताराच्या लेखी खुर्चीची उंची तेवढीच. दुसऱ्याला मी पाठीच्या टोकापर्यंतची दिली. तिसऱ्याचा फोन सासूबाईंनी घेतला आणि माणसाच्या कमरेएवढी असं सांगितलं (कुठल्या माणसाच्या, हे त्यानेही विचारलं नाही). म्हणजे तीन वेगळ्याच खुर्च्यांचे भाव मी एकमेकांशी ताडून बघत होते. मामा, मला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्हींचा आवाज सारखाच येतो म्हणून कुणी चौकशी केली नाही.

पुन्हा मोजलं, तिघांना एकच माप दिलं. ‘सगळंधरून’चा आकडा टुणकन वर गेला, ‘बघूया’ अजून बघतोच आहे. शेवटी ‘वेगळंपडेल’ला पक्कं केलं. जो आधीच तोंडावर नाही म्हणतो तो मागाहून गळा धरत नाही, असा मी विचार केला. आज दुपारी ट्रक निघाला. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम शहाणपणाने केलं असं वाटतंय. मामीला नमस्कार, धाकट्यांचे गालगुच्चे घ्या.

तुमची,
भाची

ता. क. मुख्य सांगायचं राहिलं. भाव मागताना माल कुणाकडे जाणार ते लिहावं लागतं. वाचनालयाचं नाव बघून आकडा फुगवतील म्हणून मी हुशारीने तिघांनाही तुमचा पत्ता दिला होता. पक्कं करताना खरा पत्ता द्यायचा, तो राहिला. आता बदलायचा तर माल आधी परत येणार, म्हणजे शुक्रवार हुकला. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी तुमच्या दारात चाळीस खुर्च्या उतरतील. वाचनालय तुमच्यापासून दोनच गल्ल्या. तुमच्या इमारतीतल्या माणसांना एकेक उचलायला सांगाल ना? मामा, पाया पडते, नाही म्हणू नका.

ता. क. २. ह्यांना यातलं काही माहीत नाही. फोन हल्ली शेडमध्ये ह्यांच्या हाताशीच असतो, म्हणून हे पत्र कुरिअरने. कागदाचं काम तुलाच जमतं, असं काल म्हणाले. अजून दोन दिवस तरी त्यांना तसं वाटू दे.

ता. क. ३. मोजाल तर एकेचाळीस भरतील. एका गाठोड्यात दोन बांधल्या आहेत. त्यातली काळपट ती अंगठा गेल्यावर ह्यांनी केलेली पहिली. झाल्या झाल्या जाळायला काढली होती, मी सरपणामागे लपवली. ती वाचनालयाला देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा. तिचा एक पाय आखूड आहे, पण ती पडत नाही. हे शेडमध्ये नसताना मी वर्षभर तिच्यावर बसून पाहिलं आहे.