नकाशात नसलेली पाऊलवाट

४ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, तुझा निवृत्त बाप सेनापती झाला आहे. सोबतच्या पाकिटात नकाशा, सोंगट्या आणि नियम आहेत. लाल फौजेने दलदल ओलांडून आठ फेऱ्यांत पूल घ्यायचा, नाहीतर हरली. फेऱ्या जास्त दिल्या तर लाल फौज फिरायला निघाल्यासारखी रमतगमत येते. कमी दिल्या तर सगळं फाशांच्या हाती जातं. मी दोन्ही बाजूंनी एकट्याने अकरा डाव खेळलो आणि लाल फौज सात वेळा जिंकली, म्हणजे आठ हा आकडा चोख आहे. जेवणाच्या टेबलावर फौजा उतरल्यापासून आई ताट मांडीवर घेऊन जेवते. खेळून बघ आणि खरं मत कळव. स्तुती असली तर आधी लिही.

दुसरी मुदतही लक्षात असेलच. बुकबाइंडिंगसाठी तुला दिलेलं वर्ष तीस सप्टेंबरला संपतं. नकाशा कचेरीतली जागा साहेबांनी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. एका वर्षात बस्तान बसलं नाही तर परत यायचं, असं आपलं ठरलं होतं.

प्रकृतीस जप.
तुझा बाबा

१९ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

स्तुती आधी: सोंगट्या सुबक आहेत. स्तुती संपली.

शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्याबरोबर तीन डाव खेळले. तिन्ही वेळा आठवी फेरी संपली तेव्हा माझे घोडेस्वार गुडघाभर चिखलात, पुलापासून तीन घरं लांब. घड्याळवाला म्हणाला की ही मुदत ठरवणाऱ्याला कुठेतरी जायची घाई असणार. मी म्हटलं, नाही हो, ते जन्मतःच तसे आहेत.

माझंही तसंच झालं आहे. पहिले चार महिने मी बांधलेलं प्रत्येक पुस्तक आठवड्यात वाकून फणा काढायचं. खळ बदलली, पुठ्ठा बदलला, दोनदा रडले. मग जानेवारीअखेर कळलं की कागदाच्या तंतूंना लाकडासारखी दिशा असते. ती कण्याला समांतर ठेवली की पान मुकाट्याने वळतं. फेब्रुवारीपासून एकही पुस्तक वाकलं नाही. आता ग्रंथालयाने साठ खंड बांधायला दिलेत, ते डिसेंबरपर्यंत पुरतील. बस्तान बसतंय, पण अजून बसलेलं नाही. शब्द दिला आहे, तो पाळीन. पण बाबा, मला इथून निघायचं नाहीये.

तुमच्या लोभाला तरी फेऱ्यांची मर्यादा नसावी.
आपली ठकू

२ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्या युद्धनीतीतल्या चुका दाखवणारं चार पानी उत्तर मी लिहिलं होतं. पोस्टात टाकण्याआधी रुबाब दाखवावा म्हणून आईला समोर बसवून डाव मांडला. तिसऱ्या फेरीत तिने विचारलं की तुमचे घोडे दलदलीतून एवढे सुसाट कसे जातात. मी म्हटलं, पाऊलवाटेने. तिने विचारलं, कुठल्या. मी चष्मा लावला. चष्मा पुसून पुन्हा लावला. नकाशावर पाऊलवाट नव्हती.

ती माझ्या डोक्यात होती. पहिल्या कच्च्या आराखड्यात काढली आणि पक्क्या नकाशात उतरवायचीच राहिली. चाळीस वर्षं नकाशे काढले, हाताखालच्यांना एका सुटलेल्या विहिरीसाठी फैलावर घेतलं, आणि माझ्याच घोड्यांची वाट गाळली! आई माझ्यासमोर हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन हसली. भिंत पातळ आहे.

आता पाऊलवाट काढली आहे, दुरुस्त नकाशा सोबत पाठवतो. आईला एकटीला खेळायला बसवलं आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिला नऊ फेऱ्या लागल्या, म्हणून मर्यादा दहा केली. ज्याने मोहीम रचली त्याने स्वतः खेळून मुदत ठरवू नये, एवढं या वयात शिकलो.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि कागदाच्या दिशेपाशी अडकलो. ठकू, मला ते माहीत होतं. कचेरीत नकाशे कापडावर चिकटवताना पहिल्याच दिवशी शिकवतात. सगळ्यांना माहीतच असतं असं समजून तुला कधी सांगितलं नाही. तुझे चार महिने चिखलात गेले आणि वर मीच काठावर उभा राहून फेऱ्या मोजत होतो. फार लाज वाटली.

काल साहेबांना भेटून ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलं. तीस सप्टेंबर खोडून टाक. नवी तारीख मी देणार नाही. माझे आकडे कसे निघतात ते तू पाहिलंसच.

रागावली असलीस तरी दोन ओळी लिही.
तुझा बाबा

२१ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नवव्या फेरीत पूल घेतला. घड्याळवाला दोन दिवस बोलत नाहीये.

तुमचं पत्र वाचून रडले, तेही भर दुकानात. गिऱ्हाइकाला सांगितलं की खळ डोळ्यात गेली. आईला म्हणावं, आता टेबलावर जेव.

तुमची नियमांची चोपडी बांधून पाठवते आहे. कुठल्याही पानावर उघडा, सपाट राहते. शेवटी चाळीस कोरी पानं घातली आहेत. तुम्हाला माहीत असलेलं आणि मला सांगायचं राहिलेलं सगळं त्यात लिहा. घाई नाही, पण पानं कमी पडली तर लगेच कळवा.

आपलीच,
ठकू