पाय धुतला होता, याबद्दल खुलासा

मु. चामोर्शी

व्याही लालसूभाऊ व विहीणबाई नीलाबाई यांस नानाजीचा जोहार. भाऊंची गुडघेदुखी आणि बाईंचा खोकला उतरला असेल, असं धरून चालतो. आम्ही इथी ठीक, म्हणजे घरात आवाजच नाही, तितपत ठीक.

सूनबाई दिव्याने तिथी काय सांगितलं ठाऊक नाही, म्हणून तपशील देतो. नात अडीच महिन्यांची. रोज सांजच्याला सव्वासहाला पाय पोटाशी घेऊन रडायची, ती साडेआठपर्यंत (घड्याळ लावून पाहिलं). मी मोबाईलवर सतरा व्हिडिओ पाहिले. परदेशात म्हणे अशा लेकरांचा मणका दाबतात, त्याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. म्हटलं, हे तर आपलंच काम. मी पायाळू, पायाकडून जन्मलेला. माझा पाय पाठीला लागला की लचक निघते, हे अख्ख्या तालुक्याले ठाऊक. म्हणून उजवा पाय साबणाने धुतला, अंगठ्याचं नख कापलं, दुधी भोपळ्यावर अकरा वेळा सराव केला (एकही ओरखडा नाही). पण पाय उचलताच सून म्हणाली, "मामाजी, लेकराले पाय लावान तर मी उद्याच माहेरी एटापल्लीले जातो." मी तिला भोपळा दाखवला. ती सकाळच्या पहिल्या बसने लेकरू घेऊन गेली.

आज नववा दिवस. मधे नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, लेकरू दूध पिते, वजन वाढते, मागच्या तपासणीत सगळं बरोबर होतं. हा पोटशूळ लेकरू तीन-चार महिन्यांचं झालं की आपोआप कमी होतो. मणक्याले हात लावू नका, पाय तर नाईच. ('आपोआप' हा इलाज मला पटत नाही, पण त्या बाई व्हिडिओ न पाहता शिकलेल्या आहेत.) मग आजोबाने करावं काय? तर खांद्यावर उभं धरून फिरवावं आणि तेवढा वेळ आईला झोपू द्यावं. हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून रोज सव्वासहाला पाच किलो तांदळाची थैली खांद्यावर घेऊन अंगणात फिरतो. आमची घरवाली बायनाबाई विचारते, "तांदूळ झोपला काय?"

दिव्याला म्हणावं, मामाजीचं चुकलं. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे.

आपला,
नानाजी

ता.क. रडं थांबायच्या आत पाठवा. थांबल्यावर तिला कोणीही खांद्यावर घेईल.

ता.क. दुसरा. काल थैली उचलताना कंबरेत लचक भरली. पायाळूला आपला पाय आपल्या पाठीला लावता येत नाही (प्रयत्न केला). नात पायाळूच आहे, तुम्ही जाणताच. ऑपरेशनने झाली म्हणून गुण कमी होतो की नाही, हे पाहायचं राहिलं आहे. शनिवारची बस साडेअकराला येते. मी पालथा पडून वाट पाहतो.